सांडवा उघडला त्या दुपारी

माझ्या मामाने सव्वीस वर्षं एकच काम केलं. गावाने जे सोडून दिलं, ते त्याने पुढे ढकललं. हे वाक्य त्याचंच. कोणी विचारलं, "कुठे असता कामाला?" की तो एवढंच सांगायचा आणि समोरच्याला अर्थ लागायच्या आत विषय बदलायचा. नगरपालिकेच्या कागदावर त्याचा हुद्दा 'पंपचालक' होता. पंपहाऊसवर सगळे त्याला बोळेबुवा म्हणत. ते नाव कसं पडलं ते पुढे येईलच.

गावातल्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी मामाकडे राहायला गेले. घर खालच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, मागे न्हाणी. न्हाणीत तीन साबण असायचे. एक मामीचा, एक माझा, आणि एक मामाचा, काळपट, कपडे धुवायचा वाटावा असा. कामावरून आला की तो कोणाशी न बोलता थेट आत जायचा आणि नखांपासून कोपरापर्यंत हात ब्रशने घासायचा. बाहेर येऊन मामीसमोर हात धरायचा.

"येतोय का?"

"नाही येत," मामी म्हणायची.

वास यायचा. थोडा तरी यायचाच. इतकी वर्षं ती खोटं बोलली आणि इतकी वर्षं त्याने ते ऐकून घेतलं. संसार म्हणतात तो बहुधा हाच.

पंपहाऊस किनाऱ्याच्या टोकाला होतं, जिथे वाळू संपून खडक सुरू होतो तिथे. बाहेरून पाहिलं तर बंद पडलेलं पोस्ट ऑफिस वाटावं. आत मात्र तीन पुरुष खोल अशी काँक्रीटची विहीर होती. सगळ्या गावाचं मैलापाणी उताराने तिथे येऊन पडायचं. त्या विहिरीला ते लोक 'संप' म्हणत. "आमच्याकडे रोज संप भरतो," मामा म्हणायचा, "पण संपावर कोणी जात नाही." संपातलं पाणी दोन पंप उचलून टेकडीमागच्या शुद्धीकरण केंद्राकडे पाठवायचे. संपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. पंपाच्या पात्यात अडकेल असं जे काही येईल ते या जाळीवर थांबायचं, आणि मामा लांब दांड्याच्या दाताळ्याने ते ओढून काढायचा. सकाळची पाळी त्याची असायची. उरलेल्या दोन पाळ्यांना दोन माणसं होती, पण जाळी साफ करायला तीही मामाचीच वाट बघत.

आणखी एक गोष्ट होती तिथे, सांडवा. पंप बंद पडले आणि संप तुडुंब भरला, तर पाणी उलटं गावात शिरू नये म्हणून एक जाड पाइप थेट समुद्रात सोडलेला होता. त्याच्या तोंडावर वॉल, म्हणजे झडप, आणि वॉलवर लाल रंगाचं चाक. मामा कामाला लागला तेव्हा ते चाक वर्षातून एखाद्या वेळी फिरायचं. मी राहायला गेले तोवर सीझनमध्ये दर आठवड्याला फिरू लागलं होतं. एरवी गावात चौदा हजार माणसं असत, सीझनला सत्तर हजार. पंप बसवले होते पंचवीस हजारांच्या हिशोबाने, आणि तेही मामाच्या डोक्यावर केस होते तेव्हा.

पूर्वी जाळीवर काय येईल याचा नेम नसायचा. खेळणी यायची, चमचे यायचे. एकदा कवळी आली. मामाने ती स्वच्छ धुऊन खिडकीत ठेवली आणि बाहेर पाटी लावली. महिनाभर कोणी न्यायला आलं नाही. "दात परत मिळाले तरी लावणार कोण?" असं दुसऱ्या पाळीचा माणूस म्हणाला, तेव्हा मामाने ती फेकून दिली.

मग पांढरे तुकडे यायला लागले. ओले, सुवासिक पुसणे, म्हणजे वाइप्स, पाकिटातून एकेक ओढून काढायचे. नावाला कागद, पण विरघळायचं नाव नाही. संडासात टाकले की खाली येईपर्यंत एकमेकांना मिठ्या मारत यायचे. त्यात केस, त्यात तेल, आणि जाळीवर पोचेपर्यंत त्याचा उशीएवढा बोळा झालेला असायचा. जाळीतून निसटलेला बोळा पंपाच्या पात्याला गुंडाळला जायचा. मग मोटर ओरडायची, तापायची, बंद पडायची. मामा पंप उघडून सुरीने बोळा कापून काढायचा. दिवसाला एक, मग दोन, मग सीझनला सहा-सहा. बोळेबुवा हे नाव तेव्हाचं.

मामी किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलात खोल्या आवरायची. तिसरा मजला, बावीस खोल्या. एका संध्याकाळी मामाने कामावरून येताना पिशवीतून काहीतरी आणलं आणि ओट्यावर ठेवलं. एक पुसणा होता, धुऊन वाळवलेला.

"हे ओळखतेस?"

मामीने बोटांनी चाचपून पाहिलं. "आमच्याकडचंच दिसतंय. वॉश बेसिनपाशी ठेवतो ना आम्ही, रोज एक पाकीट. नक्षीची कड आहे बघा."

"रोज?"

"रोज. न उघडलेलं असलं तरी वरून दुसरं ठेवायचं. मॅनेजर साहेबांचा हुकूम आहे."

मामा खुर्चीवर बसला. "म्हणजे तू वर ठेवायचं आणि मी खाली उपसायचं."

"मी ठेवते म्हणून काय संडासात टाका म्हणते का कोणाला?" मामी भडकली. "आणि पाकिटावर हिरवं पान छापलंय. निसर्गाला जपणारं, असं लिहिलंय त्याच्यावर. मला काय माहीत?"

"पान छापायला काय पैसे पडतात? माझ्या गमबुटावर छापून घेतो उद्या."

त्यावर मी हसले, मग मामी हसली. मामा हसला नाही. तो इतका दमलेला होता की ताट समोर आलं तरी जरा वेळ त्याकडे नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मामीने आपल्या बावीस खोल्यांत पाकिटं ठेवणं बंद केलं आणि संडासाशेजारी झाकणाची बादली सरकवून ठेवायला लागली. पंधरा दिवसांनी तिने मामाला विचारलं, "काही फरक?"

मामाने घास गिळला. गावात हॉटेलांच्या अडीच हजार खोल्या होत्या.

"नाही गं," तो म्हणाला. "पण तू ठेवू नकोस."

मामाने ऑफिसला कळवलं नव्हतं असं नाही. दर सीझनच्या आधी तो इंजिनिअर साहेबांच्या टेबलाशी जाऊन उभा राहायचा. साहेब माणूस वाईट नव्हता. चहा मागवायचा, ऐकून घ्यायचा. "तिसऱ्या पंपाचा प्रस्ताव वर गेलाय," म्हणायचा. प्रस्ताव वरच होता. इतकी वर्षं वर असलेली गोष्ट खाली यायला विसरत असावी. उलट त्याच वर्षी गावाला स्वच्छ किनाऱ्याचं मानचिन्ह मिळालं. भरचौकात फलक लागला. पाण्याचे नमुने घ्यायला माणसं सोमवारी सकाळी यायची, आणि शनिवार-रविवारची गर्दी ओसरल्यावर सोमवारी सकाळी समुद्र खरंच निळाशार दिसायचा. मामा त्या फलकाखालून रोज सायकलने जायचा. कधी मान वर करून पाहिलं नाही त्याने.

त्या दिवशी शनिवार होता. शाळेला सुट्टी होती आणि मामी हॉटेलात दोन पाळ्या करत होती, म्हणून मामाचा डबा घेऊन मी पंपहाऊसवर गेले. पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि आतून आवाज येत नव्हता. पंपहाऊसवर आवाज नसणं म्हणजे काय, ते तोवर मलाही कळायला लागलं होतं. एक नंबरचा पंप सकाळीच जळाला होता. दोन नंबरच्या पात्याला बोळा बसला होता आणि मामा कोपरापर्यंत आत हात घालून तो कापत होता. बोळा सुटेना. संपातलं पाणी भिंतीवरच्या पिवळ्या खुणेशी आलं होतं. वर लाल खूण होती. त्याच्यावर गेलं की पाणी उलटं फिरणार, आणि पहिलं शिरणार ते खालच्या गल्लीत. म्हणजे आमच्याच न्हाण्यांत.

मामाने हात पुसून फोन लावला. मी डबा हातात घेऊन दारात उभी होते. साहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"उघडा ना मग सांडवा. विचारता काय?"

"साहेब, पाण्यात माणसं आहेत. चार-पाच हजार तरी असतील. आधी लाल बावटा लावायला सांगा."

"ओहोटी लागलीय, वाहून जाईल बाहेर."

"वारा किनाऱ्याकडे आहे साहेब. नाही जाणार."

मग साहेब म्हणाले, "हे बघा, शनिवारी दुपारी बावटा लावला तर उद्या मला सगळं गाव विचारेल. तुम्ही वॉल बघा. बावट्याचं आम्ही बघतो."

"कधी बघता?"

फोन बंद झाला होता.

मामाने पाण्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वीस मिनिटं आहेत," तो म्हणाला, मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. "डबा ठेव तिथे. इथे उभी राहा. पाणी त्या लाल रेघेला टेकलं तर मला हाक मार."

"कुठून हाक मारू? तू कुठे चाललास?"

तो गेलाही होता. गमबूट घालून वाळूत धावता येत नाही. छप्पन्न वर्षांचा माणूस, कंबर तेव्हाच दुखायला लागलेली, रंगीत छत्र्यांच्या मधून वाट काढत झपाझप चालला होता. लोक नाकाला हात लावून बाजूला होत होते. एक डोळा संपातल्या पाण्यावर ठेवून मी हे दारातून बघत होते. पुढचं संभाषण मला मागाहून किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने सांगितलं. मामाच्याच वयाचा होता तो, उंच खुर्चीवर बसून बसून पाठ वाकलेला.

"बावटा लाव," मामा म्हणाला.

"ऑफिसचा फोन नाही आला."

"येणार नाही. मी सांडवा उघडतोय. पंधरा मिनिटांत इथे काय येणार ते तुला माहितीये."

"माझी नोकरी जाईल, बुवा."

"माझं नाव सांग. म्हणावं, म्हातारा येऊन दमदाटी करून गेला."

जीवरक्षक खुर्चीवरून खाली उतरला. मग त्याने शिट्टी फुंकली, लांबलचक, आणि लाल बावटा वर चढवला.

पाच हजार माणसं पाण्याबाहेर काढणं म्हणजे खायचं काम नव्हे. शिट्टी वाजली की आधी सगळे एकमेकांकडे बघतात. मग हळूहळू, कुरकुरत, मुलांना ओढत बाहेर यायला लागतात. मामा गुडघाभर पाण्यात उभा राहून हातवारे करत होता. पोराला खांद्यावर घेतलेल्या एका माणसाने त्याला दरडावून विचारलं, "काय आलंय? मोठा मासा-बिसा आहे का?"

"मासा नाही हो," मामा म्हणाला. "तुमचंच आहे. परत येतंय."

हे कोणीतरी मोबाइलवर टिपलं. संध्याकाळपर्यंत ते जिकडेतिकडे पोचलं.

पाणी लाल रेघेच्या चार बोटं खाली असताना मामा परतला. धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. दोन्ही हातांनी त्याने चाक फिरवलं. मीही जोर लावला, ते चाक सहज फिरत नाही. खडकांपाशी आधी काही दिसलं नाही. मग निळ्या पाण्यात तपकिरी रंगाचा एक पंखा उघडत गेला, वाऱ्याबरोबर थेट किनाऱ्याकडे वळला आणि जिथे मघाशी मुलं उड्या मारत होती तिथे पसरला. मामाने ते पाहिलं नाही. त्याची पाठ होती तिकडे. तो पुन्हा दोन नंबरच्या पंपात हात घालून बसला होता. डबा तसाच राहिला.

किनारा तीन दिवस बंद होता. मानचिन्हाचा फलक मंगळवारी उतरवला. हॉटेलांतून लोक सामान बांधून निघाले, आणि गावाने, म्हणजे ज्या गावाचं सगळं पोट त्या किनाऱ्यावर चालतं त्या गावाने, मामाला धारेवर धरलं. पाण्यात राहून माशाशी वैर, हे मला शाळेत तीन जणांनी ऐकवलं. आईस्क्रीमवाला आमचा शेजारी. त्याच्या बायकोने मामीशी बोलणं टाकलं. मामी तिला एवढंच म्हणाली, "वॉल उघडला नसता तर तुझ्या न्हाणीत आलं असतं." त्यावर ती म्हणाली, "न्हाणी धुता येते. सीझन धुता येत नाही." खरं होतं तेही.

हॉटेलात कोणी मामीला काढलं नाही. फक्त तिसऱ्या मजल्यावरून खाली तळघरात, कपडे धुवायच्या यंत्रांपाशी पाठवलं. खोल्यांत पाकिटं ठेवत नव्हती, हेही तेव्हाच कोणीतरी मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं होतं.

मामाला नोटीस आली. आदेश नसताना जनतेत घबराट पसरवल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा मी लिहून द्यायचं ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं. मी दोन पानं लिहिली, क्षमतेचे आकडे टाकले, दर वर्षीच्या अर्जांच्या तारखा टाकल्या. मामाने चष्मा लावून ती वाचली आणि परत दिली.

"लांबलंय. लिही, पाण्यात माणसं होती. मी त्यांना बाहेर काढलं. मग वॉल उघडला."

"एवढंच?"

"आणखी काय झालं त्या दिवशी?"

ते तीन वाक्यांचं पत्र त्याने स्वतः नेऊन दिलं. आठवड्याने त्याची बदली नगरपालिकेच्या भांडारात झाली. झाडू, बादल्या, फिनाइलचे डबे. तिथे बसून तो सकाळपासून दुपारपर्यंत झाडू मोजायचा, आणि जेवणानंतर पुन्हा मोजायचा, कारण दुसरं काम नव्हतं. त्या काळात तो न्हाणीत जाऊन हात घासायचा नाही. मामीला ते आवडेल असं मला वाटलं होतं. एकदा ती मला हळूच म्हणाली, "घरात परका माणूस आल्यासारखं वाटतं गं."

पाच आठवड्यांनी साहेब स्वतः घरी आले. चपला दाराबाहेर काढून, संकोचून बसले. नव्या माणसाच्या हातून दोन नंबरचा पंपही जळाला होता. भाड्याचा पंप लावला होता, तोही बोळ्यांनी धापा टाकत होता.

"तुम्ही या परत," साहेब म्हणाले. "आणि एक परिपत्रक काढलंय. यापुढे सांडवा उघडण्याआधी पंपचालकाने थेट जीवरक्षकाला कळवायचं. ऑफिसला विचारायचं नाही."

मामा खुर्चीत सरसावून बसला. आता काहीतरी सुनावेल, इतक्या वर्षांचं एकदम बाहेर पडेल असं मला वाटलं. मामीलाही वाटलं असावं, कारण ती चहाचा कप हातात घेऊन आतच थांबली.

"तिसरा पंप?" मामाने विचारलं.

"प्रस्ताव आहे."

"बरं," मामा म्हणाला. "दाताळं नवीन लागेल. दांडा मोडलाय असं ऐकलं."

साहेब गेल्यावर मी चिडले. "मामा, एवढं सगळं झालं आणि तू फक्त दाताळं मागितलंस?"

"दुसरं काय देण्यासारखं होतं त्याच्याकडे?" तो म्हणाला आणि आडवा झाला.

पुढचं थोडक्यात सांगते. हॉटेलांच्या संघटनेने सभा घेतली आणि खोल्यांत पाकिटं ठेवणं बंद केलं. पुढच्या सीझनला पाहुणे आपापली पाकिटं घेऊन आले. संडासांत सूचना लागल्या, चार भाषांत. बोळे सहावरून चारवर आले. तिसरा पंप आला, चौथ्या वर्षी. त्याच वर्षी टेकडीच्या उतारावर दोन नवी हॉटेलं उघडली, म्हणजे वजाबाकी करून गाव होतं तिथेच. लाल बावटा मात्र आता वेळेवर लागतो. लोक कुरकुरतात, वाळूत बसतात, दोन दिवसांनी पुन्हा पाण्यात जातात. मला विचाराल तर एका माणसाच्या नोकरीतून एवढं निघालं हे कमी नाही. मामाला विचाराल तर तो खांदे उडवेल.

तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. निरोपाला साहेबांनी भाषण केलं, त्यात त्या दुपारचा उल्लेख नव्हता. कंबरेचं दुखणं तेवढं त्याने बरोबर आणलं. डॉक्टर म्हणाले, वाकून वाकून झिजलंय.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा सीझन नव्हता. किनारा मोकळा होता, छत्र्या गुंडाळून ठेवलेल्या. आम्ही तिघं फिरायला गेलो. मामी एकदम म्हणाली, "इतकी वर्षं या गावात राहिले, पण समुद्रात कधी उतरले नाही. कामाच्या दिवसांत वेळ नाही, आणि वेळ असला की हे जाऊ देत नाहीत."

मामा थांबला. पाण्याकडे बघत राहिला, पाणी बघायची त्याची एक पद्धत होती, डोळे बारीक करून, आधी रंग, मग फेस, मग वाऱ्याची दिशा. आम्ही दोघी वाट बघत उभ्या होतो.

"आज जा," तो म्हणाला.

मामीने चपला माझ्याकडे दिल्या आणि ती तशीच, नेसत्या कपड्यांनिशी, पाण्यात चालत गेली. गुडघ्यापर्यंत, मग कंबरेपर्यंत. एक लाट आली तशी किंचाळली आणि मागे वळून हसली. "या ना!" तिने हाक मारली.

मामाने हात हलवून नाही म्हटलं. तो वाळूत बसला, कंबरेला हात लावून, हळूच. मला म्हणाला, "तू जा तिच्यासोबत. तिला पोहता येत नाही."

मी गेले. आम्ही बऱ्याच वेळाने बाहेर आलो तेव्हा मामा बसल्या जागी, मान छातीवर टाकून, हलकेच घोरत झोपला होता.